प्रेसचा दोष

डेंटन, मोंटाना
९ जानेवारी १९९४

श्री. ऑर्विल केटरिंग यांस,

नमस्कार. तुमची-आमची ओळख नाही. आमच्याकडे शिकाऱ्यांच्या संघाचं त्रैमासिक येतं. त्यात घरी रायफलची काडतुसं भरणाऱ्यांसाठी तुम्ही सदर लिहिता, ते मी अलीकडे वाचायला लागले आहे. वाचकांच्या पत्रांना उत्तर देता असं खाली छापलेलं असतं, म्हणून धीर केला.

माझा नवरा आर्विद काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचं यंत्र चालवतो. मार्चमध्ये त्याला साठ पूर्ण होतील. त्याला काडतुसं भरायचा प्रेस भेट द्यावा असं मनात आहे. एका वेळी एकच काम करणारा, साधा, पण चांगल्यातला. कुठला घ्यावा, घेताना काय बघावं, हे मला कळत नाही. इथल्या दुकानदाराला विचारलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल.

आमच्याकडे पूर्वी एक प्रेस होता. अॅल्युमिनियमचा, हलका, कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून आणलेला. तो आता नाही. आर्विद म्हणतो, स्वस्तातला प्रेस घेणं हा गुन्हा आहे. हे खरं का?

तसदीबद्दल क्षमा असावी.

आपली,
व्हर्ना हॉगन


सॅमन, आयडाहो
२० जानेवारी १९९४

हॉगनबाई,

बायकोने नवऱ्याला प्रेस भेट द्यायचा, हे मी एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय. माझी मर्टल होती तेव्हा मला दर वाढदिवसाला मोजे मिळायचे. आर्विदला सांगा, नशीबवान आहेस लेका. म्हणजे आता नका सांगू, मार्चमध्ये सांगा.

एकटप्पी प्रेस घेताय ते शहाणपणाचं. दांडा एकदा ओढला की एक काम: पुंगळीच्या बुडातली जुनी टिकली काढणं, किंवा पुंगळी मापात आणणं, किंवा वर गोळी बसवणं. फिरत्या डोक्याचे प्रेस असतात, ते ज्यांना आठवड्याला पाचशे बार उडवायचेत त्यांच्यासाठी. वर्षाला एक एल्क आणि दोन हरणं मारणाऱ्याला घाई कसली?

आता बघायचं काय. एक, बिडाचा घ्या. दोन, चौकट बंद हवी. एका बाजूने उघडी असते ती हात घालायला सोयीची, पण जोर लावला की जबडा वासते. तीन, दट्ट्या. दांडा वर करून दट्ट्या चिमटीत धरा आणि हलवा. किंचितही डुलला तर दुकानदाराला "पुन्हा येते" म्हणा आणि परत फिरकू नका. चार, जुन्या टिकल्या दट्ट्याच्या पोटातून खाली बाटलीत पडायला हव्यात. नाहीतर त्या घरभर होतात आणि झाडू तुमच्या हातात येतो. शेवटचं म्हणजे टेबल. टेबल डगमगत असेल तर प्रेस सोन्याचा घेऊनही उपयोग नाही. जाड फळी, आरपार बोल्ट.

जुना मिळाला तरी चालेल. मी एकतीस वर्षं मशीनशॉपमध्ये काढली. बीड माणसापेक्षा जास्त टिकतं.

आणि स्वस्तातला प्रेस हा गुन्हा नाही हो, कटकट आहे. काडतूस जरा वाकडं होतं, नेम दोन बोटं इकडेतिकडे जातो, खांदा भरून येतो, हरणाचा जीव वाचतो. बाकी काही नाही.

तुमचा,
ऑर्विल केटरिंग


डेंटन
२ फेब्रुवारी १९९४

श्री. केटरिंग,

इतकं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे.

एक गोष्ट स्पष्ट हवी आहे. स्वस्त प्रेसवर भरलेल्या काडतुसाने बंदूक फुटू शकते का? म्हणजे, प्रेस कमजोर होता म्हणून? हो किंवा नाही, असं लिहा. या उत्तरासाठी वेगळा कागद घ्या आणि खाली सही करा. मला तो आर्विदला दाखवायचा आहे. यंत्राच्या बाबतीत तो माझं ऐकत नाही.

आणि प्रेसने नाही तर मग कशाने फुटते, तेही लिहा. त्याने विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे.

व्हर्ना हॉगन


सॅमन
११ फेब्रुवारी १९९४

हॉगनबाई,

वेगळा कागद सोबत जोडलाय. त्यावर "नाही" असं लिहून सही ठोकली आहे. एकतीस वर्षं मशीनवर आणि बेचाळीस वर्षं काडतुसं भरण्यात गेलेला माणूस सही करतोय म्हणावं. प्रेस पुंगळीला आकार देतो आणि गोळी बसवतो. तो वाकडा असला तर काडतूस बंदुकीत जाणार नाही, फार तर अडकेल. कमजोर प्रेसने बंदूक फुटलेली मी ऐकलेली नाही.

बंदूक फुटते ती बहुतेक बारुदीने. पिस्तुलाची बारूद झटकन जळते, रायफलची सावकाश. दोन्ही दिसायला भाजलेल्या खसखशीसारख्या. रंगात थोडा फरक असतो, पण तो बघणाऱ्याला दिसतो. एकीच्या डब्यात दुसरी गेली आणि ती रायफलच्या पुंगळीत भरली, की ते काडतूस राहत नाही, सुरुंग होतो.

म्हणून माझा नियम: टेबलावर एका वेळी एकच डबा. बारूद मापायची जी उभी नळी असते, ती काम संपल्यावर भरलेली ठेवून कधी उठायचं नाही. उरलेली त्याच क्षणी तिच्या डब्यात. कारण दुसऱ्या दिवशी नळीत काय आहे ते भरणाऱ्यालाच आठवत नाही, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला तर कळायला मार्गच नाही. नळीतल्या बेवारशी बारुदीचं एकच करायचं: बागेत नेऊन मातीत टाकायची.

हे सगळं आर्विदला पाठ असणार. आम्ही म्हातारे नेम चुकला की बंदुकीला शिव्या देतो आणि बंदूक बरी असली की प्रेसला. तुम्ही मनावर घेऊ नका.

कुठला घेतलात ते कळवा.

ऑर्विल


सॅमन
२० मार्च १९९४

हॉगनबाई,

तुमच्याकडून काही नाही. आजारी नाही ना? की मी फार बडबड केली? मर्टल म्हणायची, तुला वेळ विचारली तर तू घड्याळ कसं बनवतात ते सांगतोस.

लिहायचं कारण असं की आमच्या गल्लीतल्या एका बाईने नवऱ्याचं सामान विकायला काढलंय. त्यात एक बिडाचा प्रेस आहे, बंद चौकटीचा, चाळीस वर्षांचा, दट्ट्या केसभरही हलत नाही. तेलाच्या फडक्यात गुंडाळून मी तुमच्या नावाने बाजूला ठेवलाय. मार्च संपत आला, वाढदिवस झालाही असेल. तरी कळवा.

ऑर्विल


डेंटन
३ एप्रिल १९९४

श्री. केटरिंग,

प्रेस नको. ज्याला हवा असेल त्याला द्या.

आर्विदचा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो. मी तुमच्याशी खोटं बोलले.

आम्हाला एकच मुलगा होता, नेल्स. तेवीस वर्षांचा. ऑक्टोबर ९१मध्ये, हरणांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, तो आणि आर्विद गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत नेम जुळवायला गेले. आजोबांची रायफल, घरी भरलेली काडतुसं. पहिल्याच बाराला रायफल फुटली. आर्विद दहा पावलं मागे उभा होता. लुइसटाऊनहून रुग्णवाहिका येईपर्यंत नेल्स राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी आर्विदने तळघरातला तो अॅल्युमिनियमचा प्रेस अंगणात आणला आणि घणाने ठेचला. दुपारभर. शेजारी जेवणाची भांडी घेऊन येत होते, ते फाटकाशी थांबून बघत होते. तेव्हापासून तो एकच वाक्य बोलतो: "मी स्वस्तातला आणला." बाकी मीठ दे, दार लाव, एवढंच. अडीच वर्षं. म्हणून मला तुमची सही हवी होती. कोणीतरी जाणत्याने कागदावर लिहावं की प्रेस माणूस मारत नाही, आणि तो कागद मी त्याच्या ताटाशेजारी ठेवावा.

तुमचं पत्र आलं ते मी पोस्टाच्या पायऱ्यांवरच वाचलं. नळीचं वाचलं आणि तिथेच बसले.

त्या आठवड्यात गुरुवारी चर्चच्या बायका आमच्या तळघरात गोधडी शिवायला येणार होत्या. मी सकाळी आवरायला खाली गेले. आर्विद आदल्या संध्याकाळी पिस्तुलाची काडतुसं भरत बसला होता. नळी काठोकाठ भरलेली होती. टेबलावर एकच डबा होता, जवळजवळ रिकामा. मला वाटलं, त्यातलीच असणार. वाया जाऊ नये म्हणून मी ती त्या डब्यात ओतली. नरसाळं लावून, नीट. एक कण सांडला नाही. मग नळी आतून पुसून ठेवली. आता कळतं की आर्विदने पिस्तुलाचा डबा उचलून वर फळीवर ठेवला होता आणि खालचा डबा नेल्सने रायफलसाठी काढलेला होता. शनिवारी नेल्सने त्यातून भरलं.

तुमचा सहीचा कागद माझ्या शिवणाच्या पेटीत आहे. तो दाखवला की आर्विद विचारणार, "मग कशाने?"

तुम्ही सदरात पुरुषांना सगळं सांगता. टेबल पुसणारीला कोणी काही सांगितलं नाही. हे मी रागावून लिहीत नाही. नाही, रागावूनच लिहिते आहे.

व्हर्ना हॉगन


सॅमन
१२ एप्रिल १९९४

व्हर्नाबाई,

तीन पत्रं लिहून फाडली. मोज्यांचे विनोद करत होतो मी तुमच्याशी. लाज वाटते.

तुमचा काही दोष नाही, असं मी लिहिणार नाही. तुम्हाला ते पटणार नाही आणि माझ्यावरचा विश्वासही जाईल. हात तुमचा होता. पण भरलेली नळी सोडून उठला तो जाणता माणूस होता. आणि नेल्सने ओतताना उजेडात नीट पाहिलं असतं तर त्याला दोन रंग दिसले असते. तिघांकडून एकेक गोष्ट झाली. यातली कुठलीही एक झाली नसती तर तुम्ही मला कधी पत्र लिहिलं नसतंत.

टेबल पुसणारीचं म्हणता ते खरं आहे. एकोणीस वर्षं सदर लिहितोय, माझ्या डोक्यात आलं नाही. मर्टल माझं टेबल पुसायची.

आर्विदला सांगा. तो भलत्याच गोष्टीसाठी स्वतःला खातोय. ज्या प्रेसने काही केलं नाही त्याच्या नावाने माणूस मरेपर्यंत झुरावा, हे बरं नाही. खरं कळलं तर रागावेल, ओरडेल, पण निदान तोंड उघडेल. माझी खात्री आहे.

ऑर्विल केटरिंग


डेंटन
८ मे १९९४

केटरिंग,

मी आर्विद हॉगन. पत्ता तुमच्या पाकिटावर मिळाला. सगळी पत्रं ती टेबलावर ठेवून गेली, वाचली. मला लिहायची सवय नाही.

तिने मला एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सांगितलं. चर्चमधून आलो, जेवायला बसलो. ती म्हणाली, "आर्विद, प्रेसने नाही झालं." मग सगळं सांगितलं, नरसाळ्यापर्यंत. मी म्हणालो, "मला माहीत आहे."

जीभ चावायला हवी होती. तोंडातून गेलं.

ती म्हणाली, "केव्हापासून?" मी म्हणालो, "त्याच दिवसापासून." तिने ताटं उचलली, धुतली, पुसली. मंगळवारी बहिणीकडे गेली, मिनॉटला.

तुम्ही जाणते आहात म्हणून सांगतो. त्या दिवशी व्हर्ना नेल्सपाशी बसली होती तेव्हा मी घरी येऊन तळघरात गेलो. शेरीफचा माणूस टेबल बघायला येणार होता. डबा उघडला. दोन रंग. नळी बघितली तर रिकामी आणि पुसलेली, काच चकचकीत. मी नळी कधी पुसत नाही. नेल्स तर ती वापरायचाच नाही, चमच्याने मापायचा. आमच्या घरात पुसणारं माणूस एकच.

डबा मी बागेत रिकामा केला आणि माती सारखी केली. पण लोक विचारणार होते. तीही विचारणार होती. म्हणून प्रेस अंगणात आणला आणि सगळ्यांसमोर फोडला. मोडलेली वस्तू समोर असली की माणसं तिच्याकडे बघतात, दुसरीकडे जात नाहीत. शेरीफचा माणूसही गेला नाही. मग ते वाक्य धरून बसलो. दुसरं काही बोलायची भीती वाटायची. एका वाक्यातून दुसरं निघतं.

ती समजते, मी अडीच वर्षं समोर बसून तिला गुन्हेगार समजत होतो. जाताना म्हणाली, "तू रोज माझ्या हातचं खात होतास आणि मनात हे धरून होतास."

नळी मी भरून ठेवली होती. टीव्हीवर बेसबॉलची मॅच सुरू झाली म्हणून उठलो. नंतर करू म्हटलं. हे मी तिला सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

तुम्ही खरं लिहिलंत, तुमची चूक नाही. पण मी जे दडपून ठेवलं होतं ते तुमच्या एका सहीने उघडं पडलं. ती फोन घेत नाही. माझ्या अक्षराचं पाकीट न उघडता परत आलं. तुमचं उघडेल, तिच्या बहिणीचा पत्ता मागे लिहिलाय. तुम्ही सुरू केलंत, आता तुम्हीच लिहा. मला शब्द येत नाहीत.

आर्विद हॉगन


सॅमन
१४ मे १९९४

व्हर्नाबाई,

सोबत आर्विदचं मला आलेलं पत्र आहे. त्याने मला लिहायला सांगितलंय, पण त्याच्यापेक्षा बरं मला लिहिता येणार नाही, म्हणून तेच पाठवतो. त्याला विचारलेलं नाही. रागावला तर रागावू दे.

मी तुम्हाला खात्रीने सांगितलं होतं की तो भलत्या गोष्टीसाठी स्वतःला खातोय. मला काडतुसांतलं कळतं. त्यावरून मला माणसांतलंही कळतं असं वाटायला लागलं होतं. मी तुमच्या घरात हात घातला आणि आता सॅमनमध्ये बसून मला काहीच करता येत नाही.

पत्र दोनदा वाचा. पहिल्यांदा वाचताना तुम्हाला फक्त "माहीत आहे" एवढंच दिसेल.

ऑर्विल


डेंटन
१९ जून १९९४

श्री. केटरिंग,

पाकीट आठ दिवस बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत होतं. मग तिनेच ते उघडून माझ्यासमोर ठेवलं. मी दोनदा नाही, कितीदा वाचलं ते मोजलं नाही.

मेच्या अखेरीस बसने परत आले. बस दुपारी तीनची होती. आर्विद अकरापासून लुइसटाऊनच्या थांब्यावर उभा होता, असं तिथल्या तिकिटवालीने मला सांगितलं. गाडीत मी विचारलं, "तुला माहीत होतं, तर माझ्याशी बोलत कसा होतास?"

"कुठे बोलत होतो?" तो म्हणाला.

वीस मैल गेले. मग तो म्हणाला, "तू रडायचीस तेव्हा मला वाटायचं, कळलं की काय हिला. मग तू म्हणायचीस, माझं पोर थंडीत कसं झोपलं असेल. मला बरं वाटायचं. कळलेलं नाही म्हणून बरं वाटायचं. असला बाप."

मी म्हटलं, "गाडी थांबव." त्याने थांबवली. उतरून मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. वारा खूप होता. त्याला वाटलं मी चालत परत निघाले. तो उतरला, पण जवळ आला नाही, बॉनेटला धरून उभा राहिला. मोठ्याने म्हणाला, "नळी मी भरून ठेवली होती, व्हर्ना." मला ते आधीच ठाऊक होतं. तरी त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला त्याचा इतका राग आला की मी त्याच्या छातीवर मुठी मारल्या. साठीला आलेल्या माणसाला, भर रस्त्यात. एक ट्रक हळू झाला आणि पुढे गेला. आर्विद हलला नाही. शेवटी माझेच हात दुखले आणि मी त्याच्या कोटाला धरून रडले. तोही. नेल्सच्या वेळी आम्ही दोघं मिळून रडलो नव्हतो. बरं वाटलं का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटलं.

तुम्ही त्याचं पत्र न विचारता पाठवलंत, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी असतो तरी तेच केलं असतं." तुमच्यावर त्याचा राग नाही. माझा आहे थोडा, तो जाईल.

परवा जेवताना त्याने विचारलं, "ओततेवेळी तुझ्या मनात काय होतं?"

मी म्हटलं, "बायका येतील, कॉफीचे कप कुठे मांडायचे."

तो म्हणाला, "माझ्या मनात मॅच."

इतकंच होतं आमच्या मनात.

मी इथे राहीन की मिनॉटला परत जाईन, ते ठरलेलं नाही. बहिणीने खोली तशीच ठेवली आहे. माझी बॅग नेल्सच्या खोलीत आहे, निम्मी रिकामी केलेली. आर्विद येता-जाता ती बघतो आणि काही बोलत नाही. पण अडीच वर्षं तो जसा गप्प होता तसं हे नाही. आता तो गप्प आहे, कारण मी काय करीन हे त्याला खरंच माहीत नाही.

व्हर्ना हॉगन